आमदारांपर्यंत कोण पोहोचते, याची नोंद हवी

जुलै २०२५ मध्ये पावसाळी अधिवेशन चालू असताना मुंबईच्या विधान भवनात दोन आमदारांचे समर्थक एकमेकांना भिडले. दुसऱ्याच दिवशी विधानसभेच्या अध्यक्षांनी जाहीर केले, की यापुढे अधिवेशनकाळात सदस्य, त्यांचे अधिकृत स्वीय सहायक आणि शासकीय अधिकारी एवढ्यांनाच विधान भवनात प्रवेश मिळेल. त्यावर जो वाद झाला, तो दोन्ही बाजूंनी फार ढोबळपणे लढवला गेला. एका बाजूला पासधारकांची बजबजपुरी हटल्याचे समाधान होते, तर दुसऱ्या बाजूला लोकशाहीच्या मंदिराची दारे जनतेला बंद केल्याचा आक्रोश होता. पण पास घेऊन लॉबीत वावरणारी ही ‘जनता’ होती कोण, हे विचारायच्या भानगडीत फारसे कोणी पडले नाही. अधिवेशनात ज्यांनी एकदा फेरी मारली आहे, त्यांना ही वर्दळ ठाऊक असते: बदलीची शिफारस हवी असलेला कर्मचारी, थकलेल्या बिलासाठी आलेला कंत्राटदार, साहेबांसोबत फोटो काढायला आलेला कार्यकर्ता, आणि या सगळ्यांच्या मागे, एखाद्या विधेयकातील कलमाबद्दल दोन शब्द बोलता येतील या आशेने फाइल छातीशी धरून उभा असलेला एखाद्या संघटनेचा माणूस. पास बंद झाल्याने पहिल्या तिघांचे फारसे बिघडत नाही, कारण त्यांच्यासाठी आमदार निवास आहे, मतदारसंघातला बंगला आहे, मोबाइल आहे. अडचण चौथ्याची होते.

माझे म्हणणे असे आहे, की वाद पासचा नाहीच. लोकप्रतिनिधींपर्यंत पोहोचण्याचा एक सार्वजनिक, नोंद असलेला आणि पक्षांच्या पलीकडचा मार्ग आपल्याकडे कधी आखलाच गेला नाही, म्हणून सगळा भार पासवर आणि ओळखीवर पडतो. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने विषयवार, सर्वपक्षीय, अनौपचारिक गटांना मान्यता द्यावी, नागरी संघटनांना त्या गटांसमोर उभे राहू द्यावे, आणि गटासमोर कोण आले, गटाचे कामकाज कोणाच्या पैशावर चालते, हे सारे सक्तीने प्रसिद्ध करावे. या व्यवस्थेत धोके आहेत, आणि ते लहान नाहीत. तरीही आजच्या नोंदविरहित व्यवस्थेपेक्षा ती चांगली ठरेल.

अशा गटांचा सर्वांत मोठा अनुभव ब्रिटिश संसदेला आहे. तिथे त्यांना सर्वपक्षीय संसदीय गट म्हणतात. त्यांना कायद्याचा अधिकार नाही, साक्षीदाराला समन्स काढता येत नाही आणि त्यांच्या अहवालाला उत्तर देणे सरकारवर बंधनकारक नाही. एका विषयात रस असलेले वेगवेगळ्या पक्षांचे सदस्य एकत्र येतात, अध्यक्ष निवडतात, आणि सचिवालयाचे काम, म्हणजे बैठका बोलावणे, टिपणे काढणे, साक्षी जमवणे, बहुधा बाहेरची एखादी संस्था करते. काही वर्षांपूर्वी या गटांची संख्या ७०० च्या वर गेली होती आणि त्यांतले बरेचसे नावापुरतेच उरले होते, हे मान्य केले पाहिजे. पण त्यांतल्याच एका गटाचे काम पाहा. १९७० आणि ८० च्या दशकांत ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेतून दूषित रक्त आणि रक्तघटक दिले गेल्याने सुमारे ३०,००० लोकांना एचआयव्ही आणि हेपटायटिस सी यांची लागण झाली. त्यांतले जवळपास ३,००० लोक दगावले. एकामागून एक सरकारांनी सार्वजनिक चौकशी नाकारली. मंत्री बदलत राहिले, सत्तेतला पक्ष बदलला, वर्तमानपत्रांचा रस ओसरला. या साऱ्यांतून विषय संसदेत जिवंत ठेवणाऱ्यांमध्ये हिमोफिलियाग्रस्तांसाठी काम करणाऱ्या खासदारांचा असा गट होता, आणि त्याच्यामागे रुग्णांची संघटना होती. गटाच्या सहअध्यक्ष डायना जॉन्सन यांनी जुलै २०१७ मध्ये सभागृहात तातडीची चर्चा मिळवली आणि त्याच दिवशी थेरेसा मे यांच्या सरकारने चौकशी जाहीर केली. चौकशीचा अहवाल मे २०२४ मध्ये आला. एकट्यादुकट्या खासदाराकडून इतकी वर्षे हे होत नाही, कारण तो पडतो, मंत्री होतो किंवा कंटाळतो. संघटनेने एकटीने लढायचे म्हटले, तर तिच्या हाती निवेदनापलीकडे काही नसते. गट या दोघांच्या मधली जागा भरतो.

यावर ‘हे पाश्चात्त्यांचे खूळ, आपल्या मातीत रुजायचे नाही’ असा आक्षेप येतो. तो घेणाऱ्यांना आपलाच इतिहास आठवून द्यावा लागेल. पुण्याच्या सार्वजनिक सभेने १८७५ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटकडे अर्ज करून हिंदुस्थानला तिथे प्रतिनिधित्व मागितले होते. १८८९ मध्ये लंडनमध्ये काँग्रेसची ब्रिटिश समिती उभी राहिली, आणि दादाभाई नौरोजी निवडून आल्यानंतर १८९३ मध्ये त्यांनी, विल्यम वेडरबर्न यांनी आणि डब्ल्यू. एस. केन यांनी हाउस ऑफ कॉमन्समध्ये ‘इंडियन पार्लमेंटरी कमिटी’ स्थापन केली. नाव भारदस्त असले, तरी ती कमिटी सभागृहाची नव्हती. हिंदुस्थानच्या प्रश्नात रस घेणाऱ्या खासदारांचा तो एक अनौपचारिक गट होता, आणि त्याची सभासदसंख्या दीडशेच्या आसपास गेली होती. त्याच वर्षी जूनमध्ये सनदी सेवेची परीक्षा इंग्लंड आणि हिंदुस्थान अशा दोन्ही ठिकाणी एकाच वेळी घ्यावी, असा ठराव कॉमन्सने निसटत्या बहुमताने मंजूर केला. सरकारने तो गुंडाळून ठेवला आणि हिंदुस्थानात ती परीक्षा सुरू व्हायला १९२२ उजाडले, ही गोष्ट खरी. पण हिंदुस्थान सरकारच्या खर्चाची तपासणी करणारा वेल्बी आयोग १८९५ मध्ये नेमला गेला, त्यात वेडरबर्न, नौरोजी आणि केन हे तिघेही सदस्य होते, आणि त्या आयोगापुढे गोपाळ कृष्ण गोखले आणि दिनशा वाच्छा यांनी १८९७ मध्ये साक्षी दिल्या. ज्या देशातून एकही मतदार त्या सभागृहासाठी मत देऊ शकत नव्हता, त्या देशाच्या माणसांना आपले म्हणणे तिथवर नेण्यासाठी दुसरी कोणती वाट होती? आणि या कामाला पैसा कोण पुरवत होते? काँग्रेस, म्हणजे ब्रिटिशांच्या दृष्टीने समुद्रापारचे लोक! आज जे ‘बाहेरचा पैसा’ एवढे दोन शब्द उच्चारून वाद संपवू पाहतात, त्यांनी या प्रसंगाशी आपली भूमिका जुळवून पाहावी. फरक एवढाच होता, की तो पैसा अधिवेशनात उघड ठराव करून दिला जात असे. कोणाचा पैसा आणि कोणत्या कामासाठी, हे मित्रांना आणि शत्रूंना सारखेच ठाऊक होते.

पण याच प्रकरणाची काळी बाजू झाकून ठेवण्यात अर्थ नाही. त्याच १८९७ च्या उन्हाळ्यात गोखले लंडनमध्ये असताना पुण्यात प्लेगच्या तपासणीसाठी घरांत शिरणाऱ्या गोऱ्या सैनिकांच्या वर्तनाबद्दल त्यांना मित्रांची पत्रे येत होती. वेडरबर्न यांच्या पुढाकाराने पार्लमेंटच्या इमारतीतच खासदारांसमोर गोखल्यांनी ही हकिगत सांगितली, आणि ‘मँचेस्टर गार्डियन’मध्येही ती छापून आली. त्यात स्त्रियांवरील अत्याचारांचा गंभीर आरोप होता. मुंबई सरकारने तो साफ नाकारला, पुरावा मागितला, आणि पत्रे लिहिणारे पुढे यायला तयार नसल्याने मायदेशी परतताच गोखल्यांना आरोप बिनशर्त मागे घेऊन माफी मागावी लागली. त्यापायी स्वकीयांचाही रोष त्यांनी ओढवून घेतला. या घटनेचा अर्थ दोन परस्परविरुद्ध रीतींनी लावता येतो. एक अर्थ असा, की अनौपचारिक गटासमोर कोणीही काहीही सांगू शकतो, तिथे शपथ नाही, उलटतपासणी नाही, आणि ऐकीव गोष्ट संसदेच्या छपराखाली उच्चारली गेल्यामुळे तिला नसलेले वजन येते. हा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो. दुसरा अर्थ असा, की सांगणाऱ्याला शिक्षा झाली आणि तक्रार मात्र तपासलीच गेली नाही. पुण्यातील घरांत सैनिक कसे वागले, याची साक्ष निर्भयपणे नोंदवून घेणारी कोणतीही यंत्रणा त्या दरबारी व्यवस्थेत नव्हती. गट न्यायालयाची जागा घेऊ शकत नाही. पण त्याच्याकडे ऐकलेल्या गोष्टीचे टिपण, साक्षीदाराचे नाव गुप्त ठेवण्याची रीत आणि प्रकरण अधिकृत समितीकडे सोपवण्याची शिस्त असती, तर गोखल्यांना खिशातल्या पत्रांच्या भरवशावर उभे राहावे लागले नसते.

आता आजच्या काळातले आक्षेप. डिसेंबर २०२२ मध्ये बेल्जियमच्या पोलिसांनी युरोपीय संसदेशी संबंधित लोकांच्या घरांवर छापे घातले आणि सुमारे १५ लाख युरो रोख हस्तगत केले. कतारने, आणि मोरोक्कोनेही, युरोपीय खासदारांवर प्रभाव टाकण्यासाठी पैसे दिल्याचा आरोप होता, आणि या जाळ्याच्या केंद्रस्थानी असलेले माजी खासदार पान्झेरी एक मानवाधिकार संस्था चालवत होते. म्हणजे नागरी समाजाचा बुरखा पांघरून परकीय सरकारचे काम चालले होते. ब्रिटनमध्ये त्याच वर्षी जानेवारीत एमआय फाइव्ह या गुप्तचर संस्थेने एका वकील महिलेबद्दल खासदारांना सावध केले, की ती चिनी सत्ताधारी पक्षासाठी राजकीय हस्तक्षेप करत आहे. तिचा संबंध एका सर्वपक्षीय गटाशीही आलेला होता. तिथल्याच जुगारयंत्रांच्या प्रकरणात तर गंमत अधिक आहे. सट्टेबाजीच्या दुकानांतील यंत्रांवर एका डावात १०० पौंड लावता येत, ती मर्यादा एप्रिल २०१९ पासून २ पौंडांवर आली, आणि त्यासाठी झगडणाऱ्यांत कॅरोलिन हॅरिस यांच्या अध्यक्षतेखालचा सर्वपक्षीय गट आघाडीवर होता. व्यसनात घरदार गमावलेल्यांच्या दृष्टीने हे पुण्याचे काम होते. पण त्या गटाला पैसे देणाऱ्यांत कॅसिनो आणि जुगारयंत्रांच्या आर्केड चालवणाऱ्यांच्या संघटनेचा समावेश होता, म्हणजे सट्टेबाजीच्या दुकानांचे प्रतिस्पर्धीच!

हे सगळे मान्य करून मी विचारतो, की हे आपल्याला कळले कसे? जुगारयंत्रांच्या गटाचे देणगीदार नोंदवहीत होते, म्हणून दुकानवाल्यांना ओरड करता आली, वर्तमानपत्रांना लिहिता आले आणि वाचकाला गटाच्या म्हणण्यातून योग्य तेवढी वजावट करता आली. याउलट पान्झेरी यांची संस्था युरोपीय संघाच्या पारदर्शकता नोंदवहीत नव्हतीच. दोन्ही प्रकरणांतून निघणारा धडा गट बंद करण्याचा नाही, नोंद सक्तीची करण्याचा आहे. ब्रिटिश संसदेने २०२४ मध्ये नियम घट्ट केले तेही याच अंगाने: परकीय सरकारांना गटाचे सचिवालय चालवण्यास किंवा त्यासाठी पैसे देण्यास मज्जाव झाला, एका सदस्याला जास्तीत जास्त सहा गटांचे पदाधिकारी होता येईल अशी मर्यादा आली, आणि त्यामुळे नावापुरते गट आपोआप गळाले. ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त मिळकत असलेल्या गटाला हिशेब जाहीर करावा लागतो.

दार सरसकट बंद करण्याच्या उपायाचे काय होते, याचेही उदाहरण तिथेच आहे. २०१० मध्ये डेव्हिड कॅमेरून यांनी लॉबिंग, म्हणजे सत्ताधाऱ्यांना गाठून आपल्या बाजूने वळवण्याचा उद्योग, हा पुढचा मोठा घोटाळा ठरणार असल्याचे भाकीत केले होते. त्यांच्याच सरकारने २०१४ मध्ये त्यावर कायदा केला. त्या कायद्याने निवडणूककाळात धर्मादाय संस्था आणि चळवळींच्या खर्चावर असे निर्बंध घातले, की त्यांनी त्याला तोंडबंदीचा कायदा म्हटले. दुसरीकडे, मंत्र्यांना भेटणाऱ्यांपैकी नोंदणीची सक्ती फक्त दुसऱ्यांसाठी लॉबिंग करणाऱ्या व्यावसायिक सल्लागारांवर आली. पुढे पंतप्रधानपद सोडल्यावर खुद्द कॅमेरून यांनी ग्रीनसिल या वित्तसंस्थेसाठी मंत्र्यांच्या मोबाइलवर संदेशांचा मारा केला, आणि ते त्या संस्थेचे नोकर असल्यामुळे त्यांना नोंदणीची गरज नसल्याचा निर्वाळा मिळाला. वजनदार माणसाला ना पास लागतो, ना गट लागतो. त्याच्याजवळ नंबर असतो.

आपल्याकडे तर नोंदच नाही. २०१२ च्या डिसेंबरमध्ये वॉलमार्टने भारतातील प्रवेशासह विविध कारणांसाठी लॉबिंगवर सुमारे अडीच कोटी डॉलर खर्च केल्याची बातमी आली आणि आपली संसद दणाणून गेली. ती माहिती आली कुठून? अमेरिकेच्या कायद्याने कंपनीला भरावी लागणारी विवरणपत्रे होती, म्हणून! भारतात कोण कोणाला भेटले, हे सांगणारा एकही कागद आपल्या हाती नव्हता. २००५ मध्ये प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेतल्यावरून ११ खासदारांची हकालपट्टी झाली, तेव्हाही ते उघड झाले पत्रकारांच्या छुप्या कॅमेऱ्यामुळे. त्या पत्रकारांनी एका काल्पनिक उद्योजक संघटनेचे नाव सांगितले होते, आणि ती संघटना खरी आहे की नाही, हे पाहण्याची तसदी कोणी घेतली नाही. नोंदवही असती, तर ती थाप पहिल्याच भेटीत उघडी पडली असती.

‘निवडून न आलेल्यांनी निवडून आलेल्यांच्या कानाशी लागावे कशाला?’ हा प्रश्न अधूनमधून मोठ्या तोऱ्याने विचारला जातो. त्यातली खरी गोष्ट एवढी, की संघटना मतदारांची प्रतिनिधी नसते आणि तिने तसा आव आणू नये. पण ती काही निर्णय घ्यायला येत नाही, माहिती द्यायला येते. आमदाराकडे संशोधन करणारा स्वतंत्र कर्मचारीवर्ग नसतो. स्वीय सहायकाचा दिवस पत्रे, दाखले आणि दौरे यांत जातो, आणि विधेयकाची प्रत कित्येकदा चर्चेच्या तोंडावर हातात पडते. अशा वेळी आमदार ज्याचे ऐकतो तो एकतर विभागाचा सचिव असतो, नाहीतर धंद्याचा माणूस. यावर कोणी म्हणेल, की संयुक्त चिकित्सा समिती आहे, विनंती अर्ज समिती आहे, हरकती आणि सूचना मागवल्या जातात. जनसुरक्षा विधेयकावर १२ हजारांहून अधिक सूचना आल्या होत्या, हे खरेच आहे. पण बारा हजार कागद हा संवाद होत नाही. विधेयकाचा मसुदा पक्का झाल्यावर पोस्टाने किंवा ईमेलने गेलेल्या हरकतीला कोणी उलट प्रश्न विचारत नाही, आणि हरकत घेणाऱ्यालाही सदस्याच्या शंका कळत नाहीत. पक्षादेशाचा मुद्दा याहून टोकदार आहे. १९८५ च्या पक्षांतरबंदीनंतर मतदान पक्षादेशानुसारच होणार असेल, तर एकेका आमदाराला पटवून काय साधणार? मतदानाच्या दिवशी काहीच साधत नाही. पण तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, अर्धा तास चर्चा, अशासकीय विधेयक आणि पक्षाच्या बैठकीतले दोन शब्द या जागा पक्षादेशाच्या आधीच्या आहेत, आणि गटाचे काम तिथेच चालते.

महाराष्ट्राने हे करून दाखवले आहे, फक्त त्याला व्यवस्थेचे रूप दिले नाही. १९८० च्या दशकात गर्भजलपरीक्षा करून मुलींचे गर्भ पाडण्याचे प्रमाण मुंबईत वाढले, तेव्हा स्त्री संघटना, डॉक्टर आणि विज्ञान चळवळीतले कार्यकर्ते एकत्र आले. मुंबईतील ५० स्त्रीरोगतज्ज्ञांच्या पाहणीत ४२ जण या चाचण्या करत असल्याचे आढळले, आणि हा आकडा हातात आल्यावर चळवळीला भावनेच्या पलीकडची भाषा मिळाली. १९८६ मध्ये मृणाल गोरे यांनी विधानसभेत अशासकीय विधेयक मांडले. १९८८ मध्ये राज्याने देशातला पहिला कायदा केला, आणि १९९४ चा केंद्रीय कायदा त्याच्या मागून आला. राज्याच्या कायद्यात खासगी केंद्रांना परवाना घेऊन चाचण्या चालू ठेवण्याची वाट ठेवली गेली, यावर कार्यकर्त्यांचा तेव्हाही आक्षेप होता. ती वाट कोणाच्या सांगण्यावरून राहिली, कोण कोणाला भेटले, हे आज कोणत्याही दप्तरात सापडणार नाही. शिवाय एक प्रश्न उरतोच: मृणालताई सभागृहात नसत्या तर? चळवळीतून आलेली व्यक्ती योगायोगाने आमदार असावी, यावर एखाद्या समाजगटाचे नशीब किती काळ सोडायचे?

ऊसतोड कामगारांचे घ्या. साखर उद्योगाला विधिमंडळात गट लागत नाही, कारण कारखान्यांचे अध्यक्ष आणि संचालक सभागृहात पिढ्यान्‌पिढ्या बसतच आले आहेत. ऊस तोडणाऱ्या बाईचे तिथे कोणी नाही. जून २०१९ मध्ये बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया झाल्याचे आरोग्यमंत्र्यांनी विधान परिषदेत सांगितले, तेव्हा महाराष्ट्र हादरला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, तिने शिफारशी केल्या. तो विषय सभागृहापर्यंत पोहोचण्याआधी स्त्री संघटनांनी आणि पत्रकारांनी गावोगाव फिरून माहिती काढली होती. पण समितीचे काम संपले की तिची नजर संपते. शस्त्रक्रियेआधी तपासणीची अट पाळली जाते का, फडावर पाण्याची आणि शौचालयाची सोय झाली का, मुकादमाच्या उचलीचा हिशेब कुठे नोंदला जातो, हे दर अधिवेशनात विचारणारे कोणी कायम लागते. सत्ताधारी आणि विरोधी दोन्ही बाजूंच्या सहा-आठ आमदारांचा गट आणि त्यांना टिपणे पुरवणारी एखादी संघटना हे काम करू शकते.

इथेच या व्यवस्थेवरचा शेवटचा आणि खराखुरा आक्षेप उभा राहतो: गटापुढे पोहोचतील त्या मुंबई-पुण्याच्या, इंग्रजीत सादरीकरण करणाऱ्या, अनुदान मिळवण्यात तरबेज संस्था. ब्रिटनमध्येही ज्याला सचिवालय परवडते, त्याचाच गट चालतो. आपल्याकडे हा धोका दुप्पट आहे. हिवाळी अधिवेशन डिसेंबरमध्ये नागपूरला भरते, आणि डिसेंबरमध्ये बीडचा ऊसतोड मजूर कोल्हापूर-सांगलीच्या किंवा कर्नाटकच्या फडात असतो. तो नागपूरच्या मोर्चालाही येऊ शकत नाही, मग गटाच्या बैठकीला कसा येणार? म्हणून गटाचे नियम करताना दोन गोष्टी पहिल्यापासून लिहाव्या लागतील. गटाने वर्षातून किमान एक बैठक ज्यांचा प्रश्न आहे त्यांच्या ठिकाणी, मराठीत किंवा त्यांच्या बोलीत घ्यावी. आणि त्या प्रवासाचा, टिपणांचा खर्च विधिमंडळाच्या तिजोरीतून व्हावा, म्हणजे तो एखाद्या कारखान्याच्या मेहेरबानीवर किंवा परदेशी देणगीवर अवलंबून राहणार नाही. बाहेरचा पैसा घेतलाच, तर देणाऱ्याचे नाव आणि रक्कम सहा आठवड्यांत विधिमंडळाच्या संकेतस्थळावर यायला हवी, आणि हा नियम कारखान्यांच्या संघाला जितका, तितकाच मजुरांच्या संघटनेलाही लागू असावा. चळवळीतल्या अनेकांना ही शेवटची अट रुचणार नाही. आपले हेतू शुद्ध असताना हिशेब का द्यायचा, असे त्यांना वाटते. पण पान्झेरी यांच्या संस्थेचे हेतूही कागदावर शुद्धच होते. ब्रिटनमधील गटांचे नियम सभागृहाने ठराव करून केले आहेत, त्यांना वेगळा कायदा लागला नाही. आपल्याकडेही विधानसभेचे अध्यक्ष आणि विधान परिषदेचे सभापती यांनी मनावर घेतले, तर नियम समितीपुढे मसुदा ठेवून हे एका अधिवेशनात होण्यासारखे आहे, आणि पहिला गट ऊसतोड कामगारांसाठी काढला तर त्याची पहिली बैठक नागपुरात न घेता गाळप हंगामात फडावर घेता येईल.